डबल ट्रॉलीचं डिझेल जातं कुठं?

दिवाळी उलटून गाळप हंगाम सुरू झाला की हट्ट्याच्या शिवारात आणि परभणी-वसमत रस्त्यावर एक प्रश्न हमखास कानावर येतो : डबल ट्रॉलीला अ‍ॅव्हरेज किती पडतंय? कुणी दोन सांगतो, कुणी तीन, एखादा छातीठोक साडेचार सांगतो. खोटं यातलं कुणीच बोलत नसतं. एकानं भरल्या फेरीचा आकडा दिलेला असतो, दुसऱ्यानं जाण्यायेण्याचा मिळून, आणि तिसऱ्याची ट्रॉली एकच असते. लिटरला किती किलोमीटर हे माप मोटारसायकलवरून आलेलं आहे आणि मोटारसायकलला ते पुरतं. मागं वजन जोडून ओढणाऱ्या गाडीला ते अपुरं आहे, आणि बऱ्याचदा उलटी दिशा दाखवणारंही.

हट्टा हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात येतं. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी पूर्णेच्या कालव्यांतून या पट्ट्यात आलं आणि ज्वारी-कापसाच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आणि कुरुंद्याला टोकाई उभे राहिले, आणि त्यांच्यामागोमाग ट्रॅक्टर आले. नांगरट-पेरणीची कामं वर्षातले मोजके दिवस. हप्ते फिटतात ते वाहतुकीवर. इथला ट्रॅक्टर म्हणजे हंगामापुरता का होईना, ओढणारा ट्रकच. त्यामुळे ओढण्याला डिझेल किती लागतं, हा इथं हौसेचा विषय नाही.

हौसेचा तो अमेरिकेत आहे. तिथं पिकअप ट्रकच्या मागं कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून लोक सुटीवर निघतात. ह्यूस्टन-डॅलसकडे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या काही कुटुंबांनाही आता हा नाद लागलेला आहे. नुसता पिकअप लिटरला आठ-साडेआठ किलोमीटर देत असेल तर मागं कॅम्पर लागला की तो चारवर येतो, हा तिथला सर्वसाधारण अनुभव. गंमत अशी, की कॅम्पर वजनाला फार नसतो, अडीच-तीन टन. तरी अ‍ॅव्हरेज निम्म्यावर का यावं? कारण तिथं पिकअप वजनापेक्षा वारा जास्त ओढत असतो. अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच सपाट भिंत ताशी नव्वदच्या वेगानं हवेत घुसवायची, तर नुसत्या हवेचा विरोध दोनशे किलोच्या घरात जातो. चाकांचा विरोध साठ-सत्तर किलोच भरतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून कॅम्परवाल्याला पहिला आणि शेवटचा सल्ला एकच : हळू चालवा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी 55 मैलांची, म्हणजे साधारण 88 किलोमीटरची, कायदेशीर मर्यादाच आहे.

हा सल्ला हट्ट्याच्या ट्रॅक्टरवाल्याला द्यायला जावं तर तो हसेल. त्याचा वेग मुळातच ताशी वीस. या वेगाला उसाच्या अवाढव्य भाऱ्यावर हवेचा विरोध पंधरा-वीस किलोच्या वर जात नाही. तेवढा तो मोजतही नाही. त्याचं सगळं भांडण जमिनीशी आहे.

आकडे मांडून पाहू. पन्नास अश्वशक्तीच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर सव्वादोन टनांचा. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून साडेतीन टन. वर सतरा टन ऊस. एकूण तेवीस टनांच्या आसपास. ठीकठाक डांबरी रस्त्यावर, ट्रॉलीला असतात तसल्या जुन्या किंवा रिमोल्ड टायरांवर, वजनाच्या दोन टक्के ओढ लागते असं धरलं तर साडेचारशे किलो झाले. एवढी ओढ ताशी वीसच्या वेगानं टिकवायला चाकांवर तेहतीस-चौतीस अश्वशक्ती पोचावी लागते. पन्नासच्या इंजिनाला हे झेपतं, पण फार शिल्लक उरत नाही. शंभर मीटरला दोन मीटर एवढा साधा चढ आला तरी ओढ दुप्पट होते आणि गिअर खाली टाकावाच लागतो. वसमत-परभणी पट्टा बऱ्यापैकी सपाट आहे म्हणून निभतं. औंढ्याकडच्या चढउतारांवर हेच गणित कोलमडतं.

खरा खड्डा मात्र डांबराच्या आधीच पडलेला असतो. फडापासून सडकेपर्यंतचा शिवाररस्ता हा या प्रश्नातला सर्वात दुर्लक्षित तुकडा आहे. मुरमाड गाडीवाटेवर ओढ वजनाच्या पाच-सहा टक्क्यांवर जाते. नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या रानात पंधरा टक्के सहज. तेवीस टनांना पंधरा टक्के म्हणजे साडेतीन टनांची ओढ. सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरला ती कुठून जमणार? इंजिनात ताकद कितीही असली तरी मागची चाकं जमीन धरतील तेवढीच ती कामाला येते. म्हणून रानातून एकेक ट्रॉली सडकेला आणायची आणि तिथं दोन्ही जोडायच्या, ही पद्धत पडली. तरीही रुतलीच तर दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावतात. मागचं चाक जागेवर फिरतं, नक्षीतल्या खाचांत काळी माती गच्च बसते, टायर गुळगुळीत होतो, आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. अर्धा किलोमीटरच्या वाटेला डांबरावरच्या चार-पाच किलोमीटरइतकं तेल जातं आणि अ‍ॅव्हरेज सांगताना ते कुणीच धरत नाही. पाणंद रस्त्याला मुरूम पडणं ही डिझेल वाचवण्याची योजना आहे, असं तिच्याकडे अजून कुणी पाहत नाही. पाहायला हवं.

आता एका खेपेचा हिशेब. कारखाना पंधरा किलोमीटरवर आहे असं समजू. चांगल्या डिझेलच्या लिटरात सुमारे छत्तीस मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांची घसर यांत जाऊन तिचा पाव भाग ओढीला मिळतो. त्या हिशेबानं भरली डबल ट्रॉली लिटरला दोन किलोमीटर जाते; रिकामी परतताना इंजिन अर्धपोटी चालतं, म्हणून पाचच्या आसपास. जाताना साडेसात लिटर, येताना तीन. साडेदहा लिटरांत सतरा टन, म्हणजे टनाला सहाशे मिलिलिटरच्या थोडं वर. एकच ट्रॉली साडेआठ टनांची नेली तर भरलेली तीन-सव्वातीन किलोमीटर देईल, रिकामी सहा. जाऊन-येऊन सव्वासात लिटर. अ‍ॅव्हरेज चार किलोमीटरच्या वर, डबलवाल्याच्या तीनपेक्षा कितीतरी चांगलं. पण टनामागे साडेआठशे मिलिलिटर गेलं! ज्याचं अ‍ॅव्हरेज चांगलं त्याचं टनामागचं डिझेल जास्त. हा हिशेब ढोबळ आहे, रस्त्यागणिक आणि गाडीगणिक आकडे सरकतील, पण दोघांचा क्रम सहसा बदलणार नाही. ट्रॅक्टर स्वतः जे सव्वादोन टन घेऊन फिरतो ते दोन ट्रॉल्यांवर वाटलं जातं, आणि इंजिन अर्धपोटी चालण्यापेक्षा भरल्या ओढीवर जास्त इमानदारीनं चालतं. डबल ट्रॉलीवर टीका करणाऱ्यांनी हे आधी मान्य करावं. ती लोकांनी मूर्खपणानं जोडलेली नाही.

मग आणखी भरावं का? वाहतुकीचा दर टनावर मिळतो, अंतराच्या टप्प्यानुसार. त्यामुळे मोह कायमचाच. सतराच्या जागी बावीस टन भरले तर टनामागचं डिझेल सहाशेवरून साडेपाचशेवर येतं. अख्ख्या खेपेत दीड लिटरची बचत, आजच्या भावानं सव्वाशे-दीडशे रुपये. जास्तीच्या पाच टनांचं भाडं मिळतं हे खरं, पण डिझेलच्या नावानं केलेलं समर्थन एवढ्या रकमेचंच आहे. उलट बाजूला काय आहे ते पाहा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. टायर फुटला की एका टायरमध्ये हंगामाची बचत जाते. आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, बावीस टनांचा रेटा ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी थोपवायचा असतो. चढावर तोंड उचललेला ट्रॅक्टर या भागात ज्यानं पाहिलेला नाही, असा माणूस मिळणं अवघड. पुढची चाकं जमिनीपासून सुटतात, स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं, आणि गाडी कुठं जायचं ते मागची ट्रॉली ठरवते. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळणारे दुचाकीस्वार हा तर वेगळाच आणि जास्त दुःखद विषय आहे.

ओढण्याची मापं घेणं हे जगाला नवं नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यानं 1919 मध्ये कायदा केला की कंपनीच्या दाव्यावर ट्रॅक्टर विकायचा नाही, आधी तो तपासायचा, आणि 1920 पासून तिथं चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था करते. तिच्या अहवालात एका तासात किती डिझेल आणि एका अश्वशक्ती-तासाला किती, हे सगळं असतं. ट्रॅक्टर घेताना तो अहवाल मागणारा गिऱ्हाईक शोरूमला क्वचितच दिसत असेल. पिकअप आणि कॅम्परवाल्यांसाठीही 2008 मध्ये ठरलेली एक सर्वमान्य कसोटी आहे. ‘एवढं वजन ओढतो’ असं छापण्याआधी गाडीनं अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ, उन्हाळ्यात आणि एसी चालू ठेवून, ठरल्या वेगानं चढून दाखवायचा. आपल्या ट्रॉलीला अशी कसोटी प्रत्यक्षात क्वचितच लागते. ट्रॉली गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे बनते. पाटा जाड टाकायचा की पातळ, अ‍ॅक्सल कुठला, चाकं किती इंच पुढं-मागं, हे त्याच्या अंदाजावर ठरतं. एकेका ट्रॉलीत दोन-तीनशे किलो लोखंड नुसत्या धास्तीपोटी जास्त गेलेलं असतं आणि ते प्रत्येक खेपेला, भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही फेऱ्यांत ओढलं जातं.

या सगळ्या चाचण्यांतून एक गोष्ट मात्र चालकाच्या हाती थेट देता येते : गिअर वरचा, रेस कमी. ओढ हलकी असताना, विशेषतः रिकामं परतताना, खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत ठेवण्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर शांत चालवलं तर डिझेल स्पष्ट कमी लागतं. इंजिनाचा आवाज जड होऊन धूर काळा यायला लागला की मात्र गिअर उतरवायचा. जुन्या चालकांना हे ठाऊक असतं. नव्यांची अडचण वेगळी असते. त्यांना दिवसात एक खेप जास्त करायची असते, कारण पगार खेपेवर असतो आणि डिझेल मालकाचं. मालकानं खेपेला मोजून डिझेल दिलं, की ते वाचवून विकण्याचा रस्ता खुला होतो. मोजलं नाही, तर रेस पडत राहते. या दोघांमधला व्यवहार नीट ठरल्याशिवाय कुठलंच तंत्र चालत नाही.

आणि ते स्पीकर! ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर डेक नसेल तर चालक मिळत नाही, असं मालक म्हणतात. पाचशे वॅट खरोखर ओढले जात असतील तर अल्टरनेटर ते इंजिनाकडूनच घेतो, आणि तासाला पाव लिटर डिझेल गाण्यावर जातं. रात्रभर जागून चालवणाऱ्या पोराचं जागरण त्यावर टिकत असेल तर हा खर्च मला तरी वायफळ वाटत नाही. शेजारच्या गावांचं मत वेगळं असू शकतं.

टायरातली हवा हा सर्वात स्वस्त आणि सर्वात कंटाळवाणा उपाय. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला रानात कमी हवा लागते, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरतो. सडकेवर ती वाढवावी लागते. आपला ट्रॅक्टर सकाळी रानात आणि दुपारी सडकेवर, त्यामुळे हवा कायम रानाची राहते. ट्रॉलीच्या टायरांची गत त्याहून वाईट. त्यांची हवा हातोडी मारून आवाजावर तपासतात. वजनाच्या दोन टक्क्यांची ओढ नुसती अडीच टक्क्यांवर गेली, तर आपल्या पंधरा किलोमीटरच्या खेपेत भरल्या फेरीला जवळपास दोन लिटर जास्त लागतात. जादा पाच टन भरून जेवढं वाचलं त्यापेक्षा हे जास्त. हवेचं मीटर काही शे रुपयांना मिळतं.

हवेचा विरोध आपल्याकडे अगदीच गैरहजर आहे, असंही नाही. तो पिकअपवर भेटतो. सरकीसकट कापूस भरून मजुरांनी पायानं तुडवलेली, चारी बाजूंनी फुगलेली पिकअप साठ-सत्तरच्या वेगानं निघाली की ती अमेरिकेतल्या कॅम्परचीच बहीण : वजन कमी, आकार मोठा. कडब्याचंही तेच. हळद मात्र उलटी. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद पोत्यांत घट्ट बसते, फाळक्याच्या फार वर जात नाही आणि हिंगोलीच्या बाजाराला कमी तेलात पोचते. कापसाच्या गाडीनं वेग सत्तरवरून पन्नासवर आणला तर वाऱ्याचा विरोध निम्मा होतो. ताडपत्री ढिली फडफडत न ठेवता ताणून बांधली तर आणखी थोडा. हळदीच्या गाडीला या सल्ल्याचा उपयोग किरकोळ.

घर मागं जोडून जाणारेही आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना पर्यटक म्हणत नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांतून दोन-दोनशे, तीन-तीनशे किलोमीटर जातात. कोपीच्या बांबू-चटया, ज्वारीची पोती, भांडी, शेळ्या, कोंबड्या, म्हातारीसकट आणि तान्ह्यासकट कुटुंबं. मुकादमानं उचल दिलेली असते आणि त्या प्रवासाचं डिझेल कुठल्या ना कुठल्या वाटेनं हिशेबात लागतंच. आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्यांमागच्या ट्रॉल्या, वर ताडपत्री आणि आत स्वयंपाकाचं सामान, हाही त्यातलाच प्रकार. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची, स्वच्छतागृहाची सोय कशी हवी हे लिहिलेलं आहे. चार-पाच महिने ज्यांचं घर ट्रॉलीतून हलतं त्यांच्यासाठी असं काही लिहिलेलं नाही. कायद्यानं तर ट्रॉलीत माणसं बसवायचीच नसतात.

डिझेलच्या भावाबद्दल या भागाची तक्रार जुनी आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर परभणीपर्यंत येतो, त्याचं भाडं लिटरात मिसळतं, म्हणून राज्यातल्या महाग पंपांत परभणीचं नाव बरेचदा वर असतं. म्हणजे डिझेल ओढून आणायचं डिझेलही आपणच भरतो. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठल्यापासून भाव बाजारावर चालतो. पर्यायांची चर्चा बरीच होते. फेब्रुवारी 2021 मध्ये नितीन गडकरींनी सीएनजीवर चालणारा ट्रॅक्टर दाखवला, विजेचे ट्रॅक्टरही आले. पण भरल्या ओढीवर रात्रंदिवस चालणाऱ्या ट्रॅक्टरला गॅस भरायला किंवा चार्ज करायला जागा कुठं, याचं उत्तर वसमत तालुक्यात अजून मिळालेलं नाही. 2023 पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांची इंजिनं जास्त काटकसरी, पण किमतीही चढ्या, म्हणून गिऱ्हाईक पन्नासच्या आतच राहतं.

हे डिझेल भरतं कोण? पंपावर ट्रॅक्टरमालक. पण कारखाना तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या एफआरपीतून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरातून, कापून घेतो, आणि तोही सगळ्या उसाची सरासरी काढून. म्हणजे शेवटी ऊसवाला शेतकरी भरतो. त्यातही कारखान्याला खेटून असलेला शेतकरी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून आणलेल्या उसाचं डिझेल भरतो. उसाची टंचाई असलेल्या हंगामात कारखाने दुसऱ्याच्या दारातून ऊस पळवतात, तेव्हा ही सरासरी आणखी फुगते. अंतराचे टप्पे पाडून कपात करावी, ही मागणी म्हणून रास्त आहे. लांबच्या शेतकऱ्याचं नुकसान होईल हा आक्षेपही खोटा नाही, पण ते नुकसान कुणाच्या बिलातून भरून काढायचं, हे निदान उघड्यावर ठरायला हवं.

वाचवण्यासारखं सर्वात मोठं डिझेल मात्र ना गिअरमध्ये आहे ना टायरात. ते कारखान्याच्या यार्डात आहे. रांग सरकते तशी दहा-दहा मीटर गाडी पुढं घ्यायची, आणि बॅटरी बसलेली असते, सेल्फ घेत नाही, म्हणून इंजिन चालूच ठेवायचं. उभ्या इंजिनाला तासाला लिटरभर लागतं. तीन तास असे गेले तर रिकाम्या परतीच्या फेरीचं सगळं डिझेल जागेवर जळालं. शिवाय तोडलेला ऊस उन्हात वाळत वजनाला उतरतो, त्याची झळ पुन्हा शेतकऱ्यालाच. नवी बॅटरी हा मालकाच्या हातातला उपाय, आणि एका हंगामात तिची किंमत निघते. रांगच आखूड करणं कारखान्याच्या हातात आहे. तोडणीचा कार्यक्रम गव्हाणीच्या क्षमतेला धरून दिला, गाड्यांना नंबर देऊन बोलावलं, तर यार्डात एका वेळी उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी होतात. गाडी आत आल्याची आणि रिकामी होऊन काट्यावरून निघाल्याची वेळ जिथं नोंदली जाते, तिथं गाडी किती तास खोळंबली ते त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून कळतं. टनाच्या आकड्याशेजारी तो तासांचा आकडा छापायला पावतीवर एक रकाना पुरेल.